फोंड्याचा हशम, उंची ७५ मिलिमीटर

सगळ्यात आधी अडलं ते कपड्यांच्या रंगावर, आणि खरं सांगायचं तर शेवटपर्यंत तिथेच अडत राहिलं. १६८३ सालचा, गोव्यातल्या फोंड्याच्या किल्ल्यावरचा, मराठ्यांच्या पायदळातला एक साधा शिपाई मला छोट्या मूर्तीच्या रूपात रंगवायचा होता, त्या काळी त्यांना हशम म्हणायचे. उंची ७५ मिलिमीटर, म्हणजे साधारण १:२४ स्केल. आता नेपोलियनच्या फौजेतला कुठलाही शिपाई घेतला असता तर कॉलर कुठल्या रंगाची, कफ कुठल्या रंगाचे, बटणं पितळी की पांढरी हे सगळं रेजिमेंटवार छापलेलं मिळतं, तक्ता समोर ठेवायचा आणि रंगवत सुटायचं. आपल्या हशमाला असा तक्ताच नाही कारण गणवेशच नव्हता. इंग्लंडात १६४५ला न्यू मॉडेल आर्मीने शिपायांना लाल डगले चढवले, म्हणजे तिकडेही ही कल्पना तशी ताजीच होती, आणि आपल्याकडचा पायदळवाला आपापल्या कपड्यात आणि आपापल्या मुंडाशात लढत होता.

मग अचूक म्हणजे नक्की काय करायचं? बहुतेक जण काय करतात तर मुंडासं भगवं, अंगरखा पांढराफेक, शेला परत भगवा, झाला मावळा तयार. मालिकांमधे तसाच असतो ना. भगवा झेंड्याला होता ह्यात वादच नाही, पण झेंडा भगवा म्हणून किल्ल्यावरच्या प्रत्येक माणसाने एकाच शेडचं मुंडासं बांधलं असेल हे काही मला पटेना. म्हणून स्वतःपुरता एक नियम केला. जिथे जुनं चित्र किंवा जुनी वस्तू काही सांगते तिथे तिचं ऐकायचं, आणि जिथे काहीच हाताला लागत नाही तिथे तीन गोष्टी विचारायच्या: कापड कशाचं, रंग कशातून आला, आणि किती वेळा धुतलंय. सगळं काम मग ह्याच्यावरच चाललं.

फोंडाच का, तर मी इथलाच. फर्मागुडीच्या टेकडीवरून, महाराजांच्या पुतळ्यावरून रोजचं जाणं-येणं. मूळ किल्ल्याचं आता बघण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही, पण इतिहास भरपूर आहे. १६७५ला शिवाजी महाराजांनी तो आदिलशाहीकडून घेतला. पुढे १६८३च्या नोव्हेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर स्वतः फौज आणि तोफा घेऊन फोंड्यावर चालून आला. किल्ल्यावर येसाजी कंक आणि त्यांचा मुलगा कृष्णाजी. तटाला भगदाड पडलं तरी आतले हटले नाहीत, कृष्णाजी त्या लढाईत झालेल्या जखमांनी गेला, आणि मग संभाजी महाराजांची कुमक आली आणि व्हाइसरॉयला वेढा उठवून दुर्भाटच्या वाटेने मागे फिरावं लागलं. त्याच महिन्यात मराठ्यांनी पणजीच्या वरच्या अंगाचं जुवें बेट घेतलं तेव्हा पोर्तुगिजांची अशी काही तंतरली की व्हाइसरॉयने जुन्या गोव्यात जाऊन आपला अधिकारदंड सेंट झेवियरच्या शवापाशी ठेवला, आता तूच सांभाळ म्हणून. दुर्भाट आमच्या घरापासून जवळ आहे, फेरीच्या धक्क्यावर उभं राहिलं की डोक्यात हे सगळं चालूच असतं. तेव्हा पानिपत नको, सिंहगड नको, आपल्या गावचा माणूस करूया असं ठरलं.

आता माणूस दिसायचा कसा. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व म्युझियममधे, सेंट फ्रान्सिसच्या चर्चला लागून जे आहे तिथे, वरच्या मजल्यावर व्हाइसरॉयांची आणि गव्हर्नरांची ओळीने चित्रं आहेत. एकेकाचे बूट, लेस, छातीवरचा क्रॉस, हातातली काठी सगळं तपशीलवार. समजा व्हाइसरॉय रंगवायचा असता तर अर्धा दिवस तिथे काढला की काम झालं. आपल्या हशमाचं चित्र कोण काढणार? त्याच म्युझियममधे वीरगळ आहेत, त्यावर लढणारी माणसं कोरलेली आहेत, बघायला फार सुंदर, पण ते कदंबांच्या काळातले, आमच्या शिपायाच्या काही शतकं आधीचे, ते धरून चालता येत नाही. शेवटी उपयोगी पडलं ते पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात असलेलं चित्र, निकोलाओ मनुची ह्या व्हेनिसच्या प्रवाशाने मीर मुहम्मद नावाच्या चित्रकाराकडून करवून घेतलेलं. महाराज घोड्यावर आणि आजूबाजूला पायी चालणारी हत्यारबंद माणसं. हे आपण सगळ्यांनी शंभरदा पाहिलेलं असतं पण बघतो कुणाकडे, महाराजांकडे. मी पहिल्यांदा त्यांना सोडून बाकीच्यांकडे बघत बसलो, कुणाच्या कमरेला काय आहे, मुंडासं कसं बांधलंय, अंगरखा कुठवर येतो. आणि गंमत म्हणजे हा मनुची १६८३मधे गोव्यातच होता, ह्याच भानगडीत पोर्तुगीज आणि संभाजी महाराजांच्या मधे निरोप्याचं काम करत.

मूर्ती विकत घेतली ती रेझिनची, थ्रीडी प्रिंट केलेली, नाव नुसतं सतराव्या शतकातला हिंदुस्तानी योद्धा. उभं राहण्याची पोझ मस्त होती, उजव्या हातात तलवार खाली टेकवलेली, डाव्या हातात ढाल, वजन एका पायावर, लढाईच्या मधल्या वेळेत दम खाणारा माणूस वाटत होता. उगाच तोंड वासून ओरडणारा नव्हता, म्हणून घेतली. पण ज्याने ती घडवली त्याने बऱ्याच गोष्टी एकत्र कालवल्या होत्या. डोक्यावर चोचवाली शिवलेली पगडी, ती अठराव्या शतकात शोभली असती. पायात भरजरी मोजड्या, किल्ल्याच्या तटावर रात्रंदिवस उभा असलेल्या माणसाला! आणि कपाळावर उठावदार गंध पण अंगरख्याचे बंद उजव्या काखेखाली. त्या काळच्या मुघल आणि दख्खनी चित्रांत हा फरक पाळलेला दिसतो, हिंदू डावीकडे बांधत आणि मुसलमान उजवीकडे. बंद तसेच ठेवून गंध तासून टाकलं असतं आणि मुसलमान शिपाई केला असता तरी चुकीचं काहीच नव्हतं, मराठ्यांच्या फौजेत तेही होतेच. पण दोन्ही एकत्र नाही चालणार. मी गंध ठेवलं आणि बंद फिरवले.

हे फिरवणं म्हणजे ब्लेडने जुने बंद आणि छातीवरची तिरपी कड तासायची, पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासायचा (रेझिनची भुकटी फुप्फुसात जायला नको म्हणून घासणं ओलंच करायचं आणि तोंडाला मास्क), आणि मग उलट्या बाजूने नवी कड एम-सीलने वळवायची. बाहेरची एपॉक्सी पुट्टी जास्त गुळगुळीत असते हे खरं पण ती मागवायची, वाट बघायची, आणि एम-सील कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. बोट आणि टूल सतत पाण्याने ओलं ठेवलं तर कापडाच्या चुण्या बऱ्यापैकी निघतात. बंदांसाठी पातळ कागदाच्या पट्ट्या कापल्या, पाण्यात कालवलेल्या फेव्हिकॉलमधे भिजवल्या आणि सुईने गाठ असल्यासारख्या बसवल्या. पगडीची चोच उडवली आणि त्यावर एम-सीलच्या लांब वळ्या करून मुंडासं गुंडाळलं, मुद्दाम जरा ढिलं आणि एका बाजूला कललेलं. मोजड्या कापून पाय अनवाणी केले. बोटं घडवायला जाम वेळ लागला, अंगठा नीट झाला की करंगळी बिघडते.

तलवारीचं पातं प्रिंटमधे जवळपास मिलिमीटरभर जाड होतं. खरं पातं चार-पाच मिलिमीटर जाडीचं धरलं तर १:२४ला ते ०.२ मिलिमीटर यायला पाहिजे, म्हणजे हे जे होतं ते तलवार कसली, पहार होती. ते तोडलं. कोल्डड्रिंकच्या कॅनचा पत्रा दुहेरी चिकटवून त्यातून सरळ पातं कापलं, ९० सेंटिमीटरचं पातं म्हणजे इथे पावणेचार सेंटिमीटर, आणि मधली नाळ, म्हणजे पात्यावरची लांब खोबण, शाई संपलेल्या बॉलपेनने दाबून उमटवली. सरळ पातं घेतलं कारण हशमाच्या हातात मला फिरंग द्यायची होती. पातं युरोपातलं, जहाजातून बंदरात उतरलेलं, आणि मूठ आपल्याकडची, हाताभोवती रुंद पत्रा आणि मागे बोंडातून निघणारा आकडा, म्हणजे गरज पडली तर दुसरा हात तिथे घालून दोन्ही हातांनी वार करता येतो. दांडपट्ट्यांनासुद्धा अशी पाती खूप वापरलेली आहेत. वेढा घालणाऱ्या पोर्तुगिजाची तलवार आणि तटावरच्या आमच्या माणसाची तलवार युरोपातल्या एकाच गावात घडलेली असू शकते, हे मला फार आवडलं, म्हणून वाकडी तलवार मुळातच बाद.

आता प्रायमर, म्हणजे रंगाच्या आधी द्यायचा अस्तराचा हात. हे गोव्यात पावसाळ्यात करणाऱ्यांसाठी वेगळं सांगावं लागेल. स्प्रे कॅनवर लिहिलेलं असतं की दमट हवेत वापरू नका, आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवा म्हणजे नुसतं पाणीच. दमट हवेत स्प्रे मारला की रंग मूर्तीवर पोचेपर्यंत खरखरीत होतो, पांढुरका थर बसतो, आणि चेहऱ्यावर तो बसला तर संपलंच. म्हणून स्प्रे कॅन कपाटात आणि ब्रशने लावायचा ॲक्रिलिक प्रायमर, दोन-तीन अगदी पातळ हात. आधी सगळं काळं, मग वरून, जिथे दुपारचं ऊन पडेल तिथे, करडा आणि सगळ्यात वर पांढरा. असं केलं की रंग लावायच्या आधीच उजेड आणि सावली मूर्तीवर दिसायला लागते, मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा आणि नंतर गोंधळ झाला की त्याच्याकडे बघायचं. पावसाळ्याचा एक फायदा मात्र आहे जो कुणी सांगत नाही. ॲक्रिलिक लवकर वाळत नाही त्यामुळे दोन रंग ओल्यावर एकमेकांत मिसळायला चांगला वेळ मिळतो, उन्हाळ्यात पंख्याखाली ते जमत नाही. उलट ओली पॅलेट, म्हणजे जेवणाच्या डब्यात ओला स्पंज आणि त्यावर बटर पेपर, तिला मात्र लगेच वास मारायला लागतो, बुरशी धरते. स्पंज वरचेवर उकळून घ्यायचा.

रंग अर्धे परदेशी छोट्या बाटल्यांतले आणि अर्धे आपले कॅमलिनच्या ट्यूबमधले. कॅमलिनचा यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना मला कातडीसाठी बाहेरच्यांपेक्षा बरे वाटतात, फक्त पाणी नीट घालायला पाहिजे, पातळ ताकाएवढं, आणि एकावर एक थर द्यायचे.

कातडी हा एक स्वतंत्र विषय आहे. जेवढ्या पद्धती शिकवल्या जातात त्या बहुतेक गोऱ्या माणसाच्या, गुलाबी बेस, सावलीला लालसर, उजेडाला पांढरा. आपल्या माणसावर पांढरा घालून उजेड काढला की त्याला राख फासल्यासारखं दिसतं. माझा बेस बर्न्ट सिएना, ऑकर आणि किंचित अल्ट्रामरीन. सावलीला बर्न्ट अंबर आणि जांभळा. उजेडाला ऑकर आणि थोडा नारिंगी, कपाळाचा वरचा भाग, नाकाचा शेंडा, गालाची हाडं, खालचा ओठ. ओठ लाल करायचे नाहीत, तपकिरी-जांभळट. आणि एक, जे मी शेवटी स्वतःचे हात दिव्याखाली धरून बघितलं: बोटांचे सांधे, कोपर, गुडघे गोऱ्या माणसाचे लालसर असतात, आपले उरलेल्या कातडीपेक्षा काळपट असतात. तळवे मात्र फिके. ढाल धरलेल्या मुठीवर एवढं एक केलं आणि तो हात एकदम इथल्या माणसाचा दिसायला लागला.

डोळ्यांवरून आमच्या शेजारच्या काकांशी जुंपली. ते गणपती करतात, चित्रशाळा आहे घराला लागून, आखणीला त्यांचा हात असा की बघत राहावं. मी डोळे आधी रंगवत होतो, कारण चुकलं तर पुसता येतं आणि भोवतालची कातडी नंतर नीट करता येते. ते म्हणाले, "अरे डोळे आधी? डोळे शेवटी उघडायचे असतात."

"काका, तो तुमचा गणपती. हा शिपाई आहे."

"तेच म्हणतो मी. माणूस आहे ना तो, उन्हात उभा आहे ना? मग एवढे टक्क डोळे कशाला केलेस त्याला? मिटव की जरा."

बरोबर बोलत होते मरे. ह्या स्केलला डोळ्याची रुंदी जेमतेम सव्वा मिलिमीटर आणि बुबुळ अर्धा मिलिमीटर. सगळे जण काय करतात तर पांढरं भरतात, मधे काळा ठिपका देतात आणि मूर्ती भूत बघितल्यासारखी दिसते. मी पांढऱ्याच्या जागी फिका तपकिरी-करडा भरला, बुबुळ वरच्या आणि खालच्या दोन्ही पापण्यांना टेकवलं, वरच्या पापणीची गडद रेघ जरा खाली ओढली, आणि दोन्ही भुवयांच्या मधे एक सावली दिली. काकांच्या सांगण्यावरून नजर किंचित डावीकडे वळवली, म्हणजे तो समोर तुमच्याकडे न बघता खाली उतारावर बघतो. चमक म्हणून पांढरा ठिपका दिला नाही. मिटल्यासारख्या डोळ्यात तो दिसणारच नाही.

आता परत कपडे. अंगरखा आणि चोळणा साध्या न रंगवलेल्या सुती कापडाचे धरले. पण पांढरं म्हणजे कुठलं पांढरं? आज आपण जे झकपक पांढरं बघतो ते पावडरमधल्या चमक आणणाऱ्या रसायनांचं आहे. क्लोरीनने कापड पांढरं करणंसुद्धा अठराव्या शतकाच्या शेवटी आलं. त्याआधी रिठा, उन्हात पसरणं, पाणी शिंपडणं, परत उन्हात पसरणं. आणि तेही ज्याला जमेल त्याने. तेव्हा हशमाचा अंगरखा मी पिवळसर करड्यापासून सुरू केला, सावलीत तपकिरी-हिरवट करडा, आणि शुद्ध पांढरा फक्त खांद्यावर आणि बाहीच्या दोन-तीन चुण्यांच्या माथ्यावर, तोही ब्रशच्या टोकाने. काखेत आणि पाठीवर घामाचे पट्टे, फिका ऑकर पाण्यात अगदी विरघळवून. शेजारी प्रिंटरचा कागद धरला तर मूर्तीचा अंगरखा मळका वाटतो, आणि नुसता बघितला तर पांढराच वाटतो. हेच पाहिजे होतं.

शेला निळीचा. निळीचं एक चांगलं आहे, ती कापडात फार खोल शिरत नाही, घासून उडते, त्यामुळे घडीच्या वर जिथे घर्षण होतं तिथे फिकी आणि खोबणीत गडद. रंगवणारा जिथे उजेड दाखवतो तिथेच खऱ्या कापडाचा रंग उडालेला असतो, काम आपोआप होतं. जाणूनबुजून कड्यांवर जरा जास्त फिकं केलं, कट्यारीची मूठ जिथे घासते तिथे तर जवळजवळ पांढरं.

मुंडाशावर मात्र खूप डोकं खाल्लं. ओळखीतल्या प्रत्येकाला ते भगवं पाहिजे होतं. घरी आई म्हणाली भगवं बरं दिसेल. बरं दिसेल हे मलाही माहीत होतं! पण तो रंग आणायचा कशातून ते बघा. हळद उन्हात उडते. करडईच्या फुलांचा कुसुंबी रंग सुंदर पण धुण्यात जातो, परत परत रंगवायला पैसे लागतात, म्हणजे तो हौसेचा आणि सणाचा. गेरूने कापड रंगतं पण ते मातकट होतं, झेंड्यासारखं पेटलेलं नाही. टिकणारा, रोजच्या वापरातला लाल म्हणजे मंजिष्ठ, आणि तो विटला की विटकरीकडे जातो. मी मंजिष्ठ धरून मुंडासं विटकं लाल केलं, आतल्या घड्यांत गडद, वर उन्हाने उडालेलं, आणि कडेला एक बारीक पांढरट काठ. लांबून बघणाऱ्याला ते थोडं भगव्याकडे झुकलेलं वाटतं, त्याला माझी हरकत नाही. पण डब्यातून काढलेला केशरी नाही लावला. रंग निवडताना आणखी एक चाळणी लावतो मी, १८५६. त्या साली पर्किनने पहिला कृत्रिम रंग काढला, जांभळा, आणि तिथून पुढे बाजारात नवनवे भडक रंग आले. त्याच्या आधीच्या माणसावर राणी कलर, फिरोजी असलं काही दिसलं की समजायचं रंगवणाऱ्याने बाटली बघितली, कापड नाही बघितलं.

ढाल काळ्या रोगणातली, म्हशीच्या कातड्याची, चार फुल्यांची, म्हणजे समोर धातूच्या चार उठावदार टिकल्या. ह्या फुल्या नुसती शोभा नाही, आतल्या बाजूला हात घालायच्या मुठी असतात त्यांच्या कड्या ह्या फुल्यांना अडकवलेल्या असतात, त्यामुळे बाहेरच्या फुल्या आणि आतल्या मुठी एकमेकांच्या समोर यायला पाहिजेत. मूर्तीत ते बरोबर होतं, घडवणाऱ्याला इथे पूर्ण मार्क. काळा रंग नुसता काळा लावला की तिथे भोक पडल्यासारखं दिसतं, म्हणून काळ्यात तपकिरी, कडेला घासून उघडं पडलेलं कातडं, आणि फुल्या लोखंडी. पितळी केल्या असत्या तर छान चकाकल्या असत्या पण साध्या शिपायाला लोखंड पुरे.

पात्याला धातूचाच रंग, गनमेटल, त्यावर तपकिरीचा पातळ हात, नाळेत काळी रेघ, धारेवर चांदी. इथे बरेच जण हौसेने गंज चढवतात. आमच्या हवेत लोखंड गंजतं हे कबूल, खिळा आठवड्यात लाल होतो. पण ज्याचा जीव त्या पात्यावर आहे तो ते तेल लावून ठेवेल का नाही? गंज फक्त मुठीच्या आतल्या कोपऱ्यात, जिथे फडकं पोचत नाही. मुठीच्या आत लाल कापडाचं अस्तर, ते मात्र जुन्या मुठींमधे अजूनही दिसतं, म्हणून तिथे मन भरून लाल लावला.

तळाचा तुकडा म्हणजे तटाचा कोपरा. चिरे बुचाचे कापून बसवले आणि माती खरी घेतली, घरामागे चिऱ्याचं बांधकाम चाललंय तिथली जांभ्याची भुकटी. ती आधी तव्यावर चांगली भाजून घ्यायची, नाहीतर पावसात काचेच्या आत बुरशी येते (तवा जुना घ्या, घरात शांतता राहते). मग मैद्याच्या चाळणीतून आणि शेवटी मलमलच्या फडक्यातून, कारण साधी वाळू ह्या स्केलला खडी दिसते. फेव्हिकॉलच्या पाण्याने बसवली की ती एकदम गडद होते, रक्तासारखी लाल, घाबरायचं नाही, वाळल्यावर त्यावर तीच कोरडी भुकटी मऊ ब्रशने फिरवली की मूळ रंग परत येतो. चिरे ताजे कापलेले लाल असतात पण पावसाळे खाल्लेल्या तटाचे काळे पडतात, सांध्यात शेवाळ. आणि महिना नोव्हेंबर, म्हणजे गवत भरपूर वाढलेलं, शेंडे पिवळे पडलेले आणि बुडाशी अजून हिरवं, शेवाळ वाळून काळं झालेलं. जुलै धरला असता तर सगळं हिरवंगार करावं लागलं असतं, मे धरला असता तर गवतच नाही. गवताला नारळाच्या काथ्याचे आतले बारीक धागे वापरले. तीच लाल भुकटी मग शिपायाच्या पावलांवर, घोट्यांपर्यंत, चोळण्याच्या खालच्या कडेला आणि ढालीच्या खालच्या काठावर. इथे हात आखडायचा नाही, फोंड्यात अनवाणी फिरलेल्या कुणाचेही पाय बघा.

शेवटी मॅट वार्निश सगळ्यावर, ढालीला किंचित चमक असलेलं, कपाळाला आणि नाकाला घामापुरतं तेच. वार्निशला मात्र पाऊस थांबायची वाट बघितली, तिथे दमट हवेशी पंगा नको.

खाली पट्टी लावायची तर सगळ्यांनी सांगितलं कृष्णाजी कंक लिही, लोकांना आवडेल. पण सरदाराच्या मुलाला असा विटका शेला आणि लोखंडी फुल्यांची ढाल दिली असती का मी? पट्टीवर लिहिलं "हशम, फोंडा, नोव्हेंबर १६८३". काका येऊन बघून गेले, डोळे बरे म्हणाले, गवतावर म्हणाले एवढं दाट तटावर वाढू देत नसतात, किल्लेदार काय झोपला होता काय. ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही, पण उपटायला गेलो तर माती निघेल म्हणून पुढच्या बाजूचं तेवढं कात्रीने आखूड केलं.